रक्तातला आकडा आणि धाराशिवची कसोटी

तालुक्याच्या गावीही आता रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या पाट्या जागोजागी दिसतात. सकाळी उपाशीपोटी रक्त दिले की संध्याकाळी पानभर आकडे हाती पडतात. साखर, चरबी, यकृत, मूत्रपिंड, प्रत्येकाचा एक आकडा आणि शेजारी त्याची योग्य मर्यादा. मग साहजिकच मनात येते, कर्करोगाचेही असेच आधी कळले तर? विशेषतः स्वादुपिंडाच्या. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेली ही जेमतेम वीतभर ग्रंथी दुखणे सांगू लागते, तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

या आशेपोटीच शास्त्रज्ञांचे लक्ष रक्तातल्या ‘वाढघटकां’कडे गेले. त्यांतला प्रमुख म्हणजे आयजीएफ-१. नावाप्रमाणे तो इन्शुलिनचा चुलतभाऊ. तो मुख्यतः यकृतात तयार होतो आणि पेशींना ‘वाढा, दुप्पट व्हा’ असा निरोप देतो. लहान मुलाची उंची वाढते ती याच्या मदतीने. पण हाच घटक, मरायला हव्या अशा बिघडलेल्या पेशींनाही जगवतो. त्याला आवर घालण्यासाठी रक्तात काही प्रथिने असतात. ती त्याला धरून ठेवतात. शरीरात इन्शुलिन फार वाढले की त्यांतले एक प्रथिन कमी होते आणि वाढघटक मोकळा सुटतो. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचा स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी संबंध का दिसतो, याचे एक उत्तर इथे असावे, असा तर्क आहे.

तर्क सुंदर आहे. पुरावा मात्र अर्धामुर्धा. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे रक्त आधी साठवून पुढे अनेक वर्षे त्यांची नोंद ठेवण्यात आली. 2004 साली निघालेल्या निष्कर्षात आयजीएफ-१ आणि हा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. त्याच गटात उपाशीपोटीची साखर आणि इन्शुलिन जास्त असणाऱ्यांना धोका अधिक असल्याचे 2005 मध्ये दिसले. 2007 साली अमेरिकेतल्या चार मोठ्या पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासातही आयजीएफ-१चा दोष ठरला नाही. आवर घालणारे ते प्रथिन ज्यांच्यात कमी होते, त्यांना धोका जास्त आढळला. रोग कसा जन्मतो हे समजण्यासाठी ही माहिती मोलाची आहे. पण तिच्या भरवशावर एखाद्या माणसाला ‘तुम्हाला होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे सांगता येत नाही.

मग एखादी चाचणी उपयोगाची हे ठरवायचे कसे? याचा जगाने मानलेला धडा आपल्या धाराशिव जिल्ह्यात लिहिला गेला.

गावोगावची परीक्षा

शेजारच्या बार्शीत, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर तिच्यात धाराशिवचे भूम आणि परांडा हे तालुकेही होते. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावागावांत जात. त्या नोंदींनी दाखवले की इथल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग मात्र त्या वह्यांत क्वचितच येई.

1999 मध्ये टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी हाती घेतली. गावांचे 52 गट पाडले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यांत आल्या. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेली. आणि चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त आरोग्यशिक्षण. आठ वर्षांनी हिशेब झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू-तपासणीच्या गटातल्या 34,126 स्त्रियांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या 31,488 जणींत 64. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी तितका फरक पडला नाही.

तपासणीविना राहिलेल्या त्या स्त्रियांबद्दल पुढे नैतिकतेचे प्रश्न उठले, आणि ते रास्तच होते. त्या 64 जणी कुणाच्या तरी आई, सासू, जाऊ होत्या. म्हणूनच त्यांच्याकडून मिळालेला धडा स्वस्तात घेऊ नये: चाचणी चांगली की नाही हे प्रयोगशाळा ठरवत नाही, तिच्यामुळे किती जण वाचले, हे ठरवते.

आकड्यांची भीती

हीच कसोटी स्वादुपिंडाला लावू. समजा, एक लाख माणसांत दहा जणांना हा रोग आहे आणि चाचणी शंभरात पाचदाच चुकते. तरी सुमारे पाच हजार निरोगी माणसांना ‘संशय आहे’ असा कागद मिळेल. पुढे स्कॅन, सुया, मुंबईच्या फेऱ्या, कर्ज आणि घरभर धास्ती. तेही दहाच जणांसाठी. म्हणूनच 2019 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य माणसांची या रोगासाठी सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला पुन्हा दिला. ज्यांच्या घरात हा रोग जवळच्या एकाहून अधिक नातलगांना झाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी तज्ज्ञांना भेटावे.

बाकीच्यांनी काय करावे? विडी-सिगारेट आणि तंबाखू सोडणे, वजन आणि साखर ताब्यात ठेवणे, दारूपासून दूर राहणे. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजनही झडू लागले, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. अशा नव्या मधुमेहींपैकी बहुतेकांना हा कर्करोग नसतो, पण थोड्यांत तीच पहिली खूण असते. पाठीकडे जाणारी पोटदुखी आणि न दुखता झालेली कावीळ यांकडेही लक्ष हवे. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी गावठी औषध आणि माळ आठवते. त्यात जाणारे आठवडे परत मिळत नाहीत.

आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या स्त्रीची गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का, हे आजच विचारावे. रक्तातल्या वाढघटकाचा आकडा उद्या कदाचित उपयोगी पडेल. ही तपासणी उपयोगी पडते, हे मात्र याच जिल्ह्यातल्या बायाबापड्यांनी सिद्ध करून ठेवले आहे.