शेतकऱ्याच्या घरांतील औषधांची पेटी

मळणीयंत्रांत हात सांपडतो, चुलीवरील तपेलें अंगावर लवंडतें, रात्रीं उसाला पाणी देतांना पायास कांहीं डसतें. आणि दवाखाना असतो तीन कोसांवर. अशा वेळीं पट्टी कोठें, कात्री कोठें, हें शोधण्यांत जो वेळ जातो तो वांचावा, एवढ्याकरितां पेटी. वैद्याचें काम तिच्याकडून होणार नाहीं. वैद्य भेटेपर्यंत रोग्याची स्थिति बिघडूं न देणें एवढेंच तिचें काम.

पेटींत काय नसावें तें आधीं सांगतों. सर्पदंशाकरितां म्हणून पुष्कळ घरीं दोरी व पातें जपून ठेवतात. आमच्याही घरीं तीं होतीं. दोन्ही काढून टाकावीं. आवळलेल्या दोरीनें रक्त खेळत नाहीं व अवयव गमावण्याची पाळी येते. चिरा दिल्यानें विष निघत नाहीं; उलट घोणस किंवा फुरसें चावलें असल्यास रक्त गोठत नाहीं, म्हणून चिरेंतून तें वाहतच राहतें. त्यांऐवजीं हातापायाच्या मापाच्या दोन सपाट फळ्या व रुंद पट्ट्या ठेवाव्या. अंगठ्या, जोडवीं, पैंजण उतरवून दंश झालेला अवयव फळीस बेतानें बांधावा, आणि रोग्यास मुळींच न चालवितां १०८ क्रमांकाच्या गाडीनें अथवा मिळेल त्या वाहनानें सरकारी रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चोहोंच्या विषावर एकच प्रतिविष चालतें, पण तें शिरेंतून द्यावयाचें असल्यामुळें घरीं ठेवण्याजोगें नाहीं. मण्यारीचा दंश निजलेल्या माणसास कित्येकदां कळतही नाहीं. जमिनीवर निजलेल्याच्या पोटांत पहांटे दुखूं लागलें व पापण्या जड झाल्या, तर ओवा देत बसूं नये.

बाकीची सामग्री थोडी व स्वस्त आहे. निर्जंतुक गॉझ, गुंडाळण्याच्या पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, साबण, पोव्हिडोन आयोडीनचें मलम, रबरी हातमोजे, विजेरी व पॅरासिटामॉलच्या गोळ्या. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावें. चुना, तंबाखू भरूं नये. मातींत झालेल्या जखमेस धनुर्वाताची सुई हवीच. भाजल्यावर वीस मिनिटें थंड वाहतें पाणी सोडावें. तूप, शाई, दंतमंजन यांनीं जखम बिघडते. जुलाबावर क्षारसंजीवनीचीं पाकिटें असावींत. तीं संपलीं तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें; मीठ याहून अधिक नको.

फवारणीच्या विषाची गोष्ट निराळी. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. हें विष कातडींतूनही शिरतें. म्हणून मळमळ, घाम, अंधारी येतांच काम थांबवावें, मदत करणारानें हातमोजे घालून रोग्याचे कपडे उतरवावे आणि अंग साबणानें धुवावें. विष पोटांत गेलें असल्यास मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये, दूधही देऊं नये. औषधाचा डबा, निदान त्यावरील चिठ्ठी, डॉक्टरांस दाखविण्याकरितां बरोबर न्यावी. तीवरून उपाय लवकर ठरतो.

पेटी फवारणीच्या औषधांजवळ ठेवूं नये. मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर, पण कुलपाविना असावी, व ती कोठें आहे हें घरांतील सर्वांस, सालदारासही, ठाऊक असावें. झांकणाच्या आंत जवळच्या रुग्णालयाचा व गांवांतील वाहनवाल्याचा क्रमांक ठळक लिहून चिकटवावा. मृगापूर्वीं बीं-बियाणें काढतां त्याच दिवशीं पेटीही उघडून मुदत संपलेलें बदलावें.