विझवणाऱ्या लेसरची आगळीक

उत्तेजक लेसर बंद आहे. खोलीतले दिवे मालवलेत, सॅम्पल भिंगावर बसलंय. पडद्यावर आता निव्वळ काळोख दिसायला हवा. पण तिथे पेशीचा आकार, फिकट का होईना, उमटलेला आहे. स्टेड सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्यांना हे दृश्य चांगलं परिचयाचं असतं. चालू आहे तो फक्त दुसरा लेसर, आणि त्याची या यंत्रातली नेमणूक प्रकाश विझवण्यासाठी आहे. त्याने पेशी उजळायचं काही कारण नाही. तरी तो ती उजळतो. का, किती, आणि त्याला पकडायचं कसं, हे शोधताना हे यंत्र जेवढं कळतं तेवढं ते सुरळीत चालू असताना कधी कळत नाही.

या यंत्राचं जन्मकारण जुनं आहे. १८७३ मध्ये जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आब्बे यांनी मांडलं, की भिंग कितीही निर्दोष घासलं तरी तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत. हिरवा प्रकाश आणि तेलात बुडणारं उत्तम भिंग घेतलं तरी ही हद्द २०० नॅनोमीटरच्या आसपास येते. जिवाणूचा आकार एवढ्यात दिसतो. चेतापेशींच्या सांध्यावर रसायनं वाहून नेणाऱ्या पुटिका जेमतेम ४० नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा मात्र नुसता ढग दिसतो.

ही हद्द ओलांडणाऱ्या श्टेफान हेल यांचा जन्म १९६२ मध्ये रुमानियातल्या अरादचा. १९७८ मध्ये कुटुंब पश्चिम जर्मनीत आलं, हायडेलबर्गला शिक्षण झालं. आब्बेंची हद्द ओलांडता येईल असं म्हणणाऱ्या या तरुणाला जर्मनीत नीटशी जागा मिळेना, म्हणून तो फिनलंडमधल्या तुर्कूला गेला. तिथे १९९३ च्या शरदात, एका शनिवारी सकाळी, क्वांटम प्रकाशशास्त्राचं पुस्तक चाळताना त्यांना उद्दीपित उत्सर्जनाचं प्रकरण दिसलं आणि युक्ती सुचली. आईनस्टाईननी १९१६-१७ च्या सुमारास मांडलेली, प्रत्येक लेसरच्या पोटात चालणारी ही प्रक्रिया. उत्तेजित रेणूवर योग्य तरंगलांबीचा फोटॉन आदळला, तर रेणू आपली ऊर्जा त्याच तरंगलांबीच्या दुसऱ्या फोटॉनच्या रूपात तत्क्षणी टाकून खाली येतो. म्हणजे रेणूने स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या रंगात चमकण्याआधी त्याला गप्प करता येतं. १९९४ मध्ये यान विखमान यांच्यासोबत हेल यांनी ही कल्पना, म्हणजेच स्टेड, कागदावर मांडली. १९९९ आणि २००० मध्ये थॉमस क्लार आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत ती प्रत्यक्षात दाखवली. २०१४ मध्ये एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यंत्राची रचना ऐकायला सोपी आहे. पहिला लेसर, समजा ६४० नॅनोमीटरचा, एका ठिपक्यातले सगळे रंगरेणू उत्तेजित करतो. पाठोपाठ ७७५ नॅनोमीटरचा दुसरा लेसर येतो. त्याच्या वाटेत पेचदार जाडीची काच असते, त्यामुळे त्याचा ठिपका भरीव न राहता मधे भोक असलेलं प्रकाशाचं कडं होतो. कड्याखालचे रेणू विझतात, भोकातले तेवढे चमकतात. मग ही जोडी सॅम्पलवरून बिंदू-बिंदूने फिरवायची.

कडं जितकं प्रखर, तितकं भोक बारीक. पण हा सौदा महाग आहे. भोकाचा व्यास तीव्रतेच्या वर्गमुळाने आकसतो. २५० नॅनोमीटरचे २५ करायचे, तर विझवणाऱ्या प्रकाशाची तीव्रता रंगाच्या किमान गरजेच्या शंभरपट लागते. म्हणून उत्तेजक लेसर सॅम्पलपाशी काही मायक्रोवॉटचा आणि विझवणारा शंभर मिलिवॉटच्या घरातला, म्हणजे हजारो पटींनी बलवान. आगळीक सुरू होते ती इथे.

१८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करून सांगितलं, की असा पदार्थ जो प्रकाश शोषतो त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. स्टेडची मांडणी या नियमावर उभी आहे. ॲट्टो ६४७एन हा लोकप्रिय रंग ६४५ च्या आसपास शोषतो, ६६५ च्या आसपास चमकतो, आणि त्याच्या चमकेचं शेपूट ७७५ पर्यंत पोचतं. शेपटीवर बोट ठेवून रेणूला खाली खेचायचं; शोषणाचा पट्टा केव्हाच मागे पडलेला, तेव्हा ७७५ चा लेसर रेणूला वर ढकलणार नाही, असा भरवसा.

भरवसा पूर्ण खरा नाही, कारण रेणू गारठलेले नसतात. खोलीच्या उष्णतेनेच ते थरथरत असतात आणि काही थोडे रेणू या थरथरीच्या वरच्या पायऱ्यांवर उभे असतात. तिथून उरलेली उडी ७७५ च्या अशक्त फोटॉनलाही पुरते. मग रेणू शोषलेल्यापेक्षा आखूड तरंगलांबीने चमकतो, स्टोक्सच्या नियमाच्या उलट. ढोबळ हिशेब केला तर ॲट्टो ६४७एनसाठी इतका तापलेला रेणू लाखात एखादा निघेल. पण लेसर दहा हजारपट बलवान असेल, तर लाखातला एखादाही दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. आग विझवायला आलेल्या बंबाच्या पाण्यात चमचाभर रॉकेल असावं, असा हा प्रकार. बंब छोटा असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

यात एक गंमत आहे. हा लेसर जे पेटवतो त्यातलं बरंचसं स्वतःच विझवतोही. पण लेसरचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, संपता संपता जे रेणू वर गेले, त्यांना विझवायला मागे कुणी उरत नाही. ते पुढचे काही नॅनोसेकंद निवांत चमकतात. तेही भोकात नव्हे, कड्यावर. त्यामुळे चित्रातल्या प्रत्येक धारदार बिंदूभोवती एक मंद वलय बसतं. दाट पेशीत हजारो वलयं एकमेकांवर चढली की धुकं तयार होतं, आणि नवखा माणूस म्हणतो, रिझोल्यूशन कमी पडतंय, लेसर वाढवा. नेमका उलटा उपाय!

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे. दोन्ही लेसर बंद ठेवून चित्र घ्यायचं. जे दिसेल ते डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट, किंवा कुठल्या तरी मॉनिटरचा, दाराच्या फटीतला प्रकाश. मग फक्त विझवणारा लेसर चालू करून तेच चित्र, त्याच वेगाने. आता जास्तीचं जे येईल ते त्याच्याच नावावर. इथे यंत्राच्या रचनेचा फायदा होतो. डिटेक्टरची खिडकी साधारण ६५० ते ७५० ची असते, म्हणजे ७७५ च्या अलीकडची. काच किंवा तेल ७७५ ने नेहमीच्या रीतीने चमकलं तर ती चमक ७७५ च्या पलीकडे पडते, खिडकीत येतच नाही. पाण्यावरून होणारं रामन विकिरणही मुख्यतः पलीकडेच जातं. खिडकीत घुसू शकणारे संशयित तीनच उरतात: फिल्टरमधून पाझरलेला खुद्द लेसर, उलट्या स्टोक्सची चमक, आणि दोन फोटॉन एकदम शोषून झालेली चमक.

पाझर हा संशयित कमी लेखू नये. ७७५ नॅनोमीटरचे १०० मिलिवॉट म्हणजे सेकंदाला चारावर सतरा शून्यं एवढे फोटॉन. काच आणि पाणी यांच्या सीमेवरून त्यातले ०.४ टक्के परत फिरतात. दहा लाखांतून एक सोडणारा फिल्टर लावला तरी अब्जाच्या वर फोटॉन पलीकडे जातात, आणि खरा सिग्नल सेकंदाला काही हजार ते काही लाख. म्हणून फिल्टर एकामागे एक लावतात. लेसरच्या मुख्य रेषेभोवती फिकट झालर असते, ती खिडकीत पडली तर डिटेक्टरपुढचा कुठलाच फिल्टर वाचवू शकत नाही. ती लेसरच्या तोंडाशीच कापावी लागते. सॅम्पल काचेइतक्याच अपवर्तनांकाच्या माध्यमात बसवलं तर परावर्तनच घटतं, आणि हा उपाय बहुतेकांच्या फ्रीजमध्ये आधीच असतो.

पाझर आणि चमक यांतला फरक ओळखायच्या दोन खुणा आहेत. चमक रंगाची असेल तर वारंवार स्कॅन केल्यावर ब्लीच होऊन मंदावते. परावर्तित लेसर थकत नाही. आणि वेळ मोजणारा डिटेक्टर असेल तर पाझर स्पंदाबरोबरच एका सुळक्यात येतो, चमकेला मात्र काही नॅनोसेकंदांचं शेपूट असतं; ॲट्टो ६४७एनचं आयुष्य सुमारे ३.५ नॅनोसेकंद. रंग न लावलेली पेशी, मग नुसती कव्हरस्लिप, अशी दोन सॅम्पलं सोबत ठेवली तर दोष रंगाचा, पेशीचा की काचेचा हे अर्ध्या तासात उलगडतं.

तिसरा संशयित पकडायला लेसरची शक्ती दुप्पट करून पाहायची. चमक दुप्पट झाली तर एका फोटॉनचं काम, चौपट झाली तर दोघांचं. ७७५ चे दोन फोटॉन मिळून ३८७.५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनइतकी ऊर्जा भरते, आणि त्या जांभळ्या कडेला शोषणारे पदार्थ पेशीत भरपूर. केंद्रक दाखवायला सर्रास वापरला जाणारा डीएपीआय हा रंगही तिथलाच. सवयीने सगळ्या सॅम्पलांत डीएपीआय टाकणाऱ्यांनी स्टेडच्या सॅम्पलात तरी हात आवरता घ्यावा, असं माझं मत आहे.

(चित्र धुकट होण्याऐवजी एकदम मंद झालं असेल तर मात्र गुन्हेगार वेगळा. कड्याचं भोक भरलेलं असतं, बहुधा ध्रुवीकरण चुकीच्या हाताने फिरलेलं. सोन्याच्या सूक्ष्म कणावर कडं तपासलं की ते दिसतं.)

उलट्या स्टोक्सवर उपाय काय? तरंगलांबी आणखी लांब न्यायची, हा एक. वरच्याच हिशेबाने ७७५ ऐवजी ७२० वापरलं तर तापलेल्या रेणूंचा वाटा शंभरपटीच्या आसपास वाढतो. पण लांब गेलं की चमकेचं शेपूटही बारीक होतं, विझवायला जास्त शक्ती लागते, आणि शक्ती वाढली की पेटवणंही वाढतं. ७७५ हा या ओढाताणीतला तोडगा आहे. १५५० नॅनोमीटरच्या फायबर लेसरची वारंवारता दुप्पट करून तो सहज मिळतो, हेही त्याच्या प्रसाराचं एक कारण. व्यवहार भौतिकशास्त्रात असाही डोकावतो.

उशिरा आलेलेच फोटॉन मोजायचे, ही २०११ पासून रूढ झालेली युक्ती भोक आणखी बारीक करते, पण या आगळिकीवर तिचा फारसा इलाज चालत नाही. कारण उघड आहे: स्पंदाच्या शेवटी पेटलेला रेणू आणि भोकातला प्रामाणिक रेणू एकाच वेळी चमकत असतात. मग उरते वजाबाकी. उत्तेजक लेसरचा एकाआड एक स्पंद गाळायचा, म्हणजे दर दुसऱ्या फेरीत फक्त विझवणाऱ्याचं चित्र मिळतं. एकातून दुसरं वजा. इटलीतल्या जिनोआच्या संशोधकांनी या धर्तीवर बरंच काम केलं. कार्ल्सरुहच्या गटाने २०१७ मध्ये दोन विझवणारे स्पंद वापरले: पहिला नेहमीचा, दुसरा थोड्या वेळाने भोकातलेही रेणू विझवणारा. दुसऱ्यानंतर जे दिसतं ती नुसती घाण, ती वजा करायची.

वजाबाकीवर फार विसंबू मात्र नये. १०० फोटॉनचं बॅकग्राउंड सोबत १० चा चढउतार घेऊन येतं. १०० वजा करता येतात, १० नाही. न आलेली घाण ही काढलेल्या घाणीपेक्षा केव्हाही बरी, म्हणून योग्य रंग, स्वच्छ सॅम्पल आणि गरजेपुरतीच शक्ती हा क्रम आधीचा.

सुपर-रिझोल्यूशनच्या, म्हणजे आब्बेंची हद्द ओलांडणाऱ्या सूक्ष्मदर्शकांच्या, दुसऱ्या घराण्यातही नको तिथे पोचलेल्या लेसरचा जाच आहे, फक्त तऱ्हा वेगळी. बेट्झिग आणि त्यांचे मित्र हॅरल्ड हेस यांनी पाम नावाच्या पद्धतीचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या ला होयामध्ये हेस यांच्या दिवाणखान्यात जुळवलं, २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. तिथे ४०५ नॅनोमीटरच्या चिमूटभर प्रकाशाने थोडेच रेणू जागे करतात, त्यांची जागा मोजतात, ते ब्लीच झाले की पुढचे थोडे. बंद समजलेल्या ४०५ मधून जरा प्रकाश झिरपला की फार रेणू एकदम जागे होतात, ठिपके एकमेकांत मिसळतात. डायोड लेसर संगणकावर शून्यावर असला तरी अंधुक उजळत असू शकतो, त्यामुळे तिथे वाटेत खरीखुरी झडप लागते. खोलीच्या दिव्यानेही रेणू बदलतात, तेव्हा सॅम्पल ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून आणायचं.

हेल यांच्याच गटाने पुढे मिनफ्लक्स आणलं. त्यात कडं विझवत नाही, तेच रेणूला उत्तेजित करतं, आणि भोकाच्या जागेवरून रेणूचा ठावठिकाणा काही नॅनोमीटरपर्यंत लागतो. तिथे विझवणारा लेसर नाही, त्यामुळे त्याची आगळीकही नाही. पण रोजच्या प्रयोगशाळांत अजून स्टेडच जास्त चालतं.

तेव्हा संशोधनपत्रिकेत किंवा परिषदेच्या भिंतीवर स्टेडचं चित्र दिसलं, तर शेजारी फक्त विझवणाऱ्या लेसरखाली घेतलेलं चित्र, त्याच उजेडपट्टीवर, लावलंय का ते पाहा. नसेल तर मागून घ्या. ते घ्यायला एका स्कॅनपुरता वेळ लागतो.