लेकीचा फुटबॉल: कुठली स्पर्धा धरायची?

गटाच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतोच. लेक फुटबॉल चांगली खेळते. खाजगी अकादमीवाले म्हणतात, आमच्या लीगमध्ये घाला, पुढे कॉलेजला उपयोग होईल. मग फीसाठी गटातून कर्ज काढायचं का?

आम्ही म्हणतो, आधी एवढंच विचारा: या स्पर्धेचं प्रमाणपत्र क्रीडा विभाग धरतो का? दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असोत की सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, तिथे मान्यताप्राप्त स्पर्धाच चालतात. नुसतं चकचकीत मेडल चालत नाही.

शाळेमार्फत होणाऱ्या शासकीय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत असतात. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नाव शाळाच भरते, म्हणून शाळा उघडली की क्रीडाशिक्षकांच्या मागे लागा. मुलींचा संघच नाही म्हणाले, तर अकरा पोरी गोळा करायला आपले गट आहेतच की! सुब्रतो कपलाही शाळेतूनच जातात. त्यात 17 वर्षांखालच्या मुलींचा गट आहे.

लीग वाईट नाही. सराव होतो, तगड्या संघांशी गाठ पडते. पण गुणांसाठी म्हणून पैसे भरणार असाल, तर आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्पर्धेचं नाव घेऊन जा.

आणि हो, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर जन्मतारीख वेगळी असेल, तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. वय तपासताना घोळ निघाला, तर पोरगी मैदानाबाहेर बसते.