ओट्यावरचे मनकवडे

मुलांनो, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी मोफत मनतपासणी चालते बरं का! 'तो घुमा आहे, मनात काहीतरी शिजतंय.' 'हिचं अक्षर कललेलं, म्हणजे ही हळवी.' ना शिक्षण, ना चाचणी. निकाल मात्र जागच्या जागी!

हसू नका, मीही त्यातलीच. काही वर्षांपूर्वी दुसरीतला एक मुलगा हाक मारली तरी ओ देत नसे. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'हट्टी आहे.' पुढे आईनं त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या कानानं त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं! आणि मी त्याला नेमका तोच कान माझ्याकडे येईल अशा बाकावर बसवलं होतं. तोवर सगळा वर्ग त्याला 'हट्टी' म्हणू लागला होता. शब्द माझाच.

पण असे अंदाज इतके खरे का वाटतात? १९४८ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. 'किती जुळतं? पाचपैकी गुण द्या.' सरासरी आली ४.२६! मग गुपित फुटलं. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, तोही भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. 'कधी बोलके, कधी अबोल' असं म्हटलं, की कुणाला लागू होणार नाही?

पत्रिकेवरून बुद्धी ओळखता येते, असंही काहीजण सांगतात. २००८ साली आपल्या पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह त्याची परीक्षाच घेतली. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी बौद्धिक अक्षमता असलेली. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं पाठवली. बरोबर किती? सरासरी ४६ टक्के. नुसतं नाणं उडवलं असतं, तरी निम्मी जमली असती!

शिकलेला मानसतज्ज्ञ आधी मुलाशी बोलतो, घरच्यांना विचारतो, डोळे-कान तपासले का ते बघतो. बऱ्याचदा 'अजून सांगता येत नाही' असंही म्हणतो. ओट्यावर हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही.

परवा वाड्यात नव्यानं आलेल्या मुलीचा विषय निघाला. 'कुणाशी बोलत नाही, शिष्ट आहे.' मी विचारलं, ''तिला मराठी येतं का?''

कुणालाच ठाऊक नव्हतं.