रस्ता तुटला की बाजार तुटतो

व्यापारी व कारागीर बांधवांनो, कनेरगाव नाका ही मराठवाडा आणि विदर्भाची वेस आहे. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोली जिल्हा, पलीकडे वाशीम. अकोला ते नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ येथूनच जातो. पुराने वाट बंद झाली की कापडाची गाठ अडते आणि विणकर, शिंपी, हमाल या सगळ्यांचा रोज बुडतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने रस्त्यांचे हाल पाहिले.

दोष नुसत्या पावसाचा नाही. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. त्यामुळे वरचे डांबर भेगाळते. मोरी लहान किंवा बुजलेली असेल तर पाणी रस्त्यावरून वाहते आणि भराव कापते. पुलाच्या पायाजवळची माती खरवडली जाते, ती वरून दिसत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला; दोन एसटी बस वाहून गेल्या. नवा पूल ५ जून २०१७ रोजी खुला झाला. म्हणजे मनावर घेतले तर काम वर्षाच्या आत होते. पण गेलेले जीव परत येत नाहीत.

म्हणून मे महिन्यातच मोऱ्या साफ करण्याची आणि पुलांच्या तपासणीची लेखी मागणी बाजारपेठेने एकजुटीने करावी. मालाच्या विम्यात पूर धरला आहे का, ते वाचून घ्यावे. आणि पुलावरून पाणी वाहत असताना, माल कितीही निकडीचा असो, ड्रायव्हरला गाडी घालायला सांगू नये.