गाळातला बुडबुडा आणि काचेचा धागा

इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी धानाच्या बांधीत उभं असताना चिखलात काठी खुपसून बघा. बुडबुड्यांची एक रांग वर येते आणि फुटून जाते.  त्यात बराचसा मिथेन असतो, ज्याला रंग नाही, वास नाही. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव धसकटं, पालापाचोळा कुजवताना हा वायू सोडतात. गाढवी नदीवरच्या या धरणाच्या गाळातही तेच चालतं. १७७६ साली इटलीत माज्जोरे सरोवराकाठी व्होल्टाने असाच गाळ ढवळून बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले.

बाटलीत धरणं सोपं. बांधावरच्या मोकळ्या हवेत मात्र दर दहा लाख रेणूंत मिथेनचे साधारण दोनच असतात. ते मोजायचे प्रकाशाने. १.६५ मायक्रोमीटरच्या आसपासचा ठरावीक प्रकाश मिथेन शोषतो. त्याची खरी भूक ३.३ मायक्रोमीटरला, पण तो प्रकाश साध्या काचतंतूतून लांब जातच नाही. १.६५चा मात्र इंटरनेटच्या तारेतून कित्येक किलोमीटर जातो. म्हणून लेसर आणि वीज काठावरच्या खोलीत ठेवता येतात. पाण्याजवळ नुसती काच. विजा कडाडत असताना हे फारच सोयीचं. पाण्याजवळ एका छोट्या डबीत प्रकाश हवेतून जातो आणि दुसऱ्या तंतूने परत येतो.

पंचाईत पुढेच आहे. मीटरभर हवेतला मिथेन त्या प्रकाशाचा जेमतेम दहा हजारावा भाग खातो. काचेवर दंव साचलं, कोळ्याने जाळं विणलं, तरी याच्या कित्येक पट प्रकाश जातो. मग चोर ओळखायचा कसा? रेडिओचं बटण स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे फिरवावं, तशी लेसरची तरंगलांबी सेकंदाला हजारो वेळा हलवतात. दंव सगळ्याच तरंगलांबींना जवळपास सारखं अडवतं, मिथेन फक्त आपल्या जागी. फरक उरतो तो त्याचा. मला तंतूपेक्षा ही युक्तीच जास्त आवडते.

पोकळ गाभ्याचे तंतूही निघाले आहेत. त्यांत वायू आणि प्रकाश मीटर-मीटर सोबत चालतात, म्हणजे प्रकाश जास्त शोषला जातो. पण इतक्या बारीक नळीत हवा शिरायलाच वेळ लागतो. तोवर बुडबुडा केव्हाच फुटलेला.

बांधीतलं पाणी काही दिवस उतरवलं की मातीत हवा शिरते आणि मिथेन घटतो. किती घटला, किती दिवसांत, हे अशी डबी सांगू शकेल. रात्री मात्र वारा पडतो, वायू धानावरच साचतो आणि आकडा आपोआप चढतो. तेव्हा डबीशेजारी वारा मोजायची चक्री लावावीच लागेल.