चारा-गवतांची ओळख : नाव एक, जात दुसरी

गोव्यातील अनेक दुग्धोत्पादक हिरव्या चाऱ्याच्या ठोंबांसाठी घाटापलीकडे हुबळी-धारवाडकडे वळतात. त्यास कारणही आहे. झाशी येथे 1962 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र धारवाडला आहे. ‘संपूर्णा’ या नावाने ओळखला जाणारा डीएचएन-6 हा संकरित नेपियरचा वाण याच केंद्रात विकसित झाला. 1986 मध्ये स्थापन झालेले कृषी विज्ञान विद्यापीठही याच शहरात असून, त्याच्या वार्षिक कृषी मेळ्यास शेतकऱ्यांची मोठी गर्दी होते. मात्र केंद्रातील वाफ्यावर नावाची पाटी असते, तशी ती गावोगाव हातोहात फिरणाऱ्या ठोंबांवर नसते. ‘नेपियर’, ‘सुपर नेपियर’, ‘गिनी’ अशी नावे सांगून दिलेले गवत प्रत्यक्षात कोणते आहे, हे ओळखणे शेतकऱ्यावरच येऊन पडते.

ही गवते मूळची येथील नाहीत. बहुतेक आफ्रिकेतून आली. नेपियर म्हणजेच हत्ती गवत. ऱ्होडेशियातील बुलावायो येथील कर्नल नेपियर यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. बाजरी, नेपियर आणि दीनानाथ ही एकाच कुळातील जवळची भावंडे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना पूर्वी ‘पेनिसेटम’ प्रजातीत धरत. आता ती ‘सेंक्रस’मध्ये समाविष्ट केली जातात. गिनी गवताचे नावही ‘पॅनिकम’वरून ‘मेगाथिर्सस’ झाले आणि ‘ब्रॅकियारिया’ची गवते ‘युरोक्लोआ’ झाली. जुन्या व नव्या पुस्तकांत एकच गवत दोन नावांनी आढळते, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो.

पहिली खूण तुऱ्याची. नेपियर, बाजरी व दीनानाथ यांचा तुरा एकसंध, कणसासारखा आणि केसाळ असतो. गिनीचा तुरा मोकळा व फांद्याफांद्यांचा असून, त्याच्या सर्वांत खालच्या फांद्या एकाच ठिकाणाहून चक्राकार फुटतात. ब्रॅकियारियाच्या दांड्यावर आडव्या काड्या निघतात आणि त्यांच्या एकाच बाजूस दाणे बसलेले असतात. एवढ्या निरीक्षणातूनच तीन गट वेगळे होतात.

गटांतर्गत भेद अधिक बारकाईने पाहावे लागतात. नेपियरला उसासारखी जाड कांडी असते. बाजरी एकाच हंगामाची, तर संकरित नेपियर बहुवर्षायू. संकरिताची पाने साध्या नेपियरपेक्षा सामान्यतः रुंद व मऊ असतात. निर्णायक फरक मात्र बियांचा आहे. बाजरीत 14 गुणसूत्रे असतात, नेपियरमध्ये 28. दोहोंच्या संकरात 21 येतात. या विषम संख्येमुळे संकरिताला तुरा आला तरी उगवणारे बी तयार होत नाही. म्हणून प्रचलित संकरित नेपियरची लागवड कांड्यांनी किंवा ठोंबांनीच होते. पाकिटात ‘संकरित नेपियरचे बी’ मिळत असेल, तर आत दुसरेच काही असण्याची शक्यता अधिक.

दीनानाथची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्याचे हलके, लोकरी बी वाऱ्यावर दूर जाते. भारतात चारा म्हणून पेरले जाणारे हे गवत उत्तर ऑस्ट्रेलियात तण ठरले आहे. तेथे त्याला ‘वार्षिक मिशन गवत’ म्हणतात. त्याचेच भावंड असलेले बहुवर्षायू मिशन गवत तेथे वाळल्यानंतर वणव्यांची तीव्रता वाढवते. केरळातही त्याचा उपद्रव आहे. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी कणसातील केसांचा एक झुबका तोडून भिंगाखाली पाहावा. दीनानाथच्या झुबक्यात एक ते पाच कणिशके असतात आणि त्यांतील निदान एकाला स्वतंत्र देठ असतो. बहुवर्षायू मिशन गवताच्या झुबक्यात एकच बिनदेठाचे कणिशक आढळते. गोव्याच्या जांभ्या दगडाच्या पठारांवर असे बी पोहोचू नये, यासाठी ही तपासणी लागवडीपूर्वीच व्हायला हवी.

ब्रॅकियारियात चूक केल्यास तिची किंमत जनावराला मोजावी लागू शकते. पॅरा गवत ओलसर जागी जमिनीवर सरपटते आणि त्याच्या केसाळ पेरांना मुळे फुटतात, त्यामुळे ते सहज ओळखू येते. उरलेल्या तिघांसाठी दाणे धरणारी काडी पाहावी. काँगो गवताची काडी पट्टीसारखी, तीन ते चार मिलिमीटर रुंद असते. सिग्नल गवताची काडी चपटी पण अरुंद असून तिच्यावर दाण्यांच्या दोन रांगा असतात. ब्रिझांथा उभे वाढते. त्याची काडी जेमतेम एक मिलिमीटर रुंद आणि दाण्यांची रांग एकच. यांपैकी सिग्नल गवतातील सॅपोनिन द्रव्यांमुळे मेंढ्या, शेळ्या व वासरांच्या यकृतास इजा होऊ शकते. त्यानंतर जनावराला ऊन सोसत नाही. कान व तोंड सुजते, कातडी सोलवटते. काँगो समजून सिग्नल लावल्यास हा धोका नकळत गोठ्यात येतो.

नेपियर बरोबर ओळखले तरी एक पथ्य उरतेच. त्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून केवळ नेपियरवर जनावर न ठेवता सोबत द्विदल चारा आणि खनिज मिश्रण द्यावे, असा सल्ला दिला जातो.

अडचण एवढीच की चारा तुरा येण्यापूर्वी कापला जातो आणि मुख्य खूण दिसतच नाही. त्यावर साधा उपाय आहे. नव्याने आणलेल्या गवताचा एक ठोंब न कापता बांधावर राखावा. तुरा बाहेर पडताच, बी पिकण्यापूर्वी तो कापून कागदात दाबून वाळवावा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रात दाखवावा. तोवर उरलेल्या शेतात त्याची लागवड वाढवू नये. ठोंब घेतानाही वाणाचे नाव, तो कोणत्या केंद्रातून आला आणि त्याला बी धरते का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. एकदा लावलेले बहुवर्षायू गवत वर्षानुवर्षे शेतात राहते आणि चुकीचे निघाल्यास ते उपटण्याचा खर्च लागवडीहून मोठा ठरू शकतो.